बँकेत सर्व्हे करताय? फॉर्म साहेबांच्या हाती देऊ नका

एमबीएच्या प्रोजेक्टला मी विषय घेतला होता, नोकरीच्या असुरक्षिततेमुळे बँक कर्मचाऱ्यांचं कामातलं मन उडतं का. वाशीच्या सेक्टर १७ मधून जाताना आजही पोटात गोळा येतो. तिथे माझे दोन महिने वाया गेले.

ओळखीच्या एका शाखाधिकाऱ्यांकडे साठ फॉर्म दिले. आठवड्यात साठही भरून आले. किती आनंद झाला होता! एक्सेलमध्ये भरायला घेतले तेव्हा कळलं. ‘माझी नोकरी टिकेल याची खात्री आहे’ आणि ‘माझी नोकरी जाईल असं वाटतं’, दोन्हींना एकच खूण. प्रश्न कोणी वाचलेच नव्हते. का वाचावेत? फॉर्म साहेबांच्याच टेबलावर परत जाणार, अप्रेझलही तेच लिहिणार. नाव मी विचारलं नव्हतं. पण वय, हुद्दा आणि नोकरीची वर्षं विचारली होती. एका शाखेत चोपन्न वर्षांची हेड कॅशियर एकच असते, तिचं नाव लिहायला कशाला हवं?

साठही फॉर्म बाजूला ठेवले. मग ठाण्यात नौपाड्यातल्या शाखांबाहेर उभी राहिले. संध्याकाळी कॅश टॅली झाली की लोक चहाला बाहेर पडतात. वय गटात विचारलं, शाखेचं नाव काढून टाकलं, प्रत्येकाला कोरं पाकीट दिलं. चौतीसच फॉर्म मिळाले, पण खरे. तुमचेही कमी भरले तर घाबरू नका, मर्यादा म्हणून प्रामाणिकपणे लिहा.

तिथेच सरकारी बँकेतल्या एक ताई म्हणाल्या, “नोकरी कोण काढतंय गं आमची? बदली कुठे टाकतील, त्याची धास्ती.” १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँका एकत्र येऊन चार झाल्या. नोकऱ्या जाणार नाहीत, असं सरकारने आधीच सांगितलं होतं. तरी जवळची शाखा, हातात बसलेलं सॉफ्टवेअर, प्रमोशनची आशा, हे सगळं डळमळलं. अभ्यासात याला गुणात्मक असुरक्षितता म्हणतात. खासगी बँकेत कंत्राटावर कासा, म्हणजे चालू आणि बचत खाती आणणाऱ्या मुलाची भीती निराळी, या महिन्याचं टार्गेट चुकलं तर पुढच्या महिन्यात आपण असू का? दोघांना एकाच प्रश्नाने मोजू नका.

आणि रात्री साडेआठला शाखेत बसलेला माणूस कामात रमलाय, असं तर मुळीच समजू नका. तो घाबरूनही बसलेला असतो. कामात मन किती आहे हे मोजणाऱ्या उत्रेख्त मापनपट्टीच्या नऊ प्रश्नांत उत्साह, समर्पण आणि तल्लीनता विचारतात, कामाचे तास नाही. ते उगाच नाही.

सीनियरची प्रश्नावली उचलू नका. गाईड नुसत्या सह्या करत असतील, तर एखाद्या निवृत्त क्लार्क काकांना प्रश्न वाचून दाखवा. माझे चार प्रश्न अशाच एका काकांनी खोडले, गाईडनी एकही नाही.

मार्चमध्ये मात्र जाऊ नका. वर्षअखेरीच्या धावपळीत तुमच्याशी बोलायला कोणालाच वेळ नसतो. एप्रिलचा दुसरा आठवडा धरा, संध्याकाळी सहानंतर.