पूफ : अठराव्या शतकातील उंच फ्रेंच केशरचना कशी बांधावी

१७७४ च्या सुमारास पॅरिसमध्ये ‘पूफ’ ही उंच केशरचना गाजू लागली. चित्रांतून पाहणाऱ्यांना तो टोप वाटतो. परंतु राणी मारी आंत्वानेत आणि तिचा केशरचनाकार लेओनार ओतिए यांच्या काळातील स्त्रिया बहुतेक स्वतःचेच केस वापरत आणि कमी पडतील तिथे गंगावन जोडत. म्हणूनच नाटकासाठी ही रचना करताना शक्यतो केसांवरच बांधावी, कारण कपाळावरची खरी केसरेषा टोपाने साधत नाही.

नुकतेच धुतलेले केस सुळसुळीत असतात आणि उंचीसाठी केसांखाली बसवायच्या उशीवरून घसरतात. त्या काळी यावर उपाय होता पोमाडचा, म्हणजे मेंढीची व डुकराची चरबी वितळवून, लवंग किंवा लिंबाचे तेल घालून केलेल्या मलमाचा. आज मेणयुक्त पोमाड चालते. हरभऱ्याएवढे पोमाड तळहातावर चोळून बटेबटेला मुळापासून टोकापर्यंत लावावे, मग कॉर्नफ्लोअर ब्रशने थापून विंचरावे. केस किंचित खरखरीत लागले आणि बोटाने उचललेली बट क्षणभर तशीच उभी राहिली, की पकड आली असे समजावे. या कामात घाई करू नये; पुढचे सगळे यावरच उभे राहते.

आता एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवा भांग पाडावा. माथ्यावरच्या थोड्या केसांची वेणी घालून ती चपटी गुंडाळावी आणि जाळीत लोकर भरून केलेली पाच-सहा इंच उंच उशी तिला केसांच्या आकड्यांनी पक्की करावी. पुढचे केस वर ओढून उशी पूर्ण झाकावी व टोके मागे खोचावीत. कानांमागे बोटाभोवती गुंडाळलेल्या दोन-तीन आडव्या वळ्या बसवाव्यात, मागचे केस सैल दुमडून वर बांधावेत.

शेवटी चेहरा कागदी शंकूने झाकून पांढरी पूड उडवावी. सजावट हलकीच असावी : पिसे, फिती, फुले. शार्त्रच्या डचेसच्या पूफमध्ये बाळाला घेतलेली दाई आणि पोपटही होता, तर १७७८ च्या सागरी लढाईनंतर ‘बेल पूल’ या युद्धनौकेची प्रतिकृती मिरवणारी केशरचना निघाली. जहाज करायचेच असेल, तर ते कागदाचे करावे आणि केसांना नव्हे, थेट उशीला टाचावे.

उतरवताना आधी सगळे आकडे मोजून काढावेत, मग टोकांकडून विंचरत वर जावे.