डॅनिश कॅरॅमल बटाटे: साखरेच्या गाठी होऊ नयेत म्हणून

डेन्मार्कमध्ये नाताळच्या जेवणात डुकराच्या किंवा बदकाच्या भाजलेल्या मांसासोबत ‘ब्रुनेडे कार्तोफ्लर’, म्हणजे साखरेच्या पाकात घोळवलेले बटाटे, असतातच. एक किलो छोटे, नवे बटाटे, १०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ, एवढंच साहित्य. घरी करताना हमखास अडचण येते ती एकच: बटाटे पडताच पाक दगडासारखा घट्ट होतो.

कारण फ्रिजमधले गार बटाटे. मी आता बटाटे आदल्या दिवशी उकडून सोलून ठेवते, पण तासभर आधी बाहेर काढते. मग पाण्याखाली धुऊन चाळणीत नीट निथळते; पाणी राहिलं तर गरम पाक अंगावर उडतो.

रुंद स्टीलच्या पॅनमध्ये साखर पसरून मध्यम आचेवर ठेवायची. ढवळायचं नाही, नाहीतर खडे धरतात. पॅन फक्त फिरवायचा. (काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग कळत नाही.) कडा मधासारख्या सोनेरी झाल्या की लोणी, फेस आला की बटाटे. धूर निघाला तर पाक कडू झाला, तो टाकूनच द्या.

तरीही गाठी झाल्याच तर पाणी घालू नका. मंद आचेवर दहा मिनिटं बटाटे हलक्या हाताने परतत राहा, गाठी आपोआप विरघळतात.