उजनी मायनसमध्ये गेलं की कॅमेरा घेऊन काय करायचं

एप्रिल उजाडला की आमच्याकडं चहाच्या टपरीवर एकच चौकशी: "उजनी किती मायनस?" उजनी धरणातला उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं पाणी जायला लागलं, की आकडा शून्याखाली मोजतात. हा मृतसाठाच सुमारे ६३ टीएमसी आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा मायनस पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला, धरणात बुडालेलं जुनं पळसदेव गाव उघडं पडलं आणि सगळे कॅमेरे पळसनाथाच्या देवळाकडं धावले. माझाही. लग्नाच्या ऑर्डरी ओसरल्या होत्या आणि ड्रोन नवाकोरा होता.

पहिल्याच दिवशी तीनशेवर फोटो झाले. रात्री आत्याला लॅपटॉपवर दाखवले. धरण १९८० ला पूर्ण झालं, त्याआधी गाव उठलं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. निम्मे फोटो तिनं मुकाट्यानं बघितले. मग म्हणाली, "मागच्या अंगानं काढलंस की रं. आम्ही हिकडनं कधी येतच न्हवतो."

मी गेलो होतो गाळ वाळलेल्या, सोयीच्या बाजूनं. तिच्या डोक्यातल्या देवळाला वाट होती, ती मला ठाऊकच नव्हती.

म्हणून पहिलं काम: त्या गावात राहिलेल्या एका माणसाला सोबत न्या आणि पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच ठेवा. मोबाईलवर आवाज तेवढा रेकॉर्ड करा. आत्यानं देवळाच्या पुढ्यातून पावलं मोजत चालायला सुरुवात केली. एका ठिकाणी थांबली, चप्पल काढली आणि म्हणाली, "हितं उंबरा." तिथं नुसता भेगाळलेला गाळ होता, वर चार शिंपले. ती जिथं थांबेल, तिथं तुम्ही उभं राहायचं आणि ती ज्या दिशेला बघतेय, तिकडं कॅमेरा धरायचा. तिचा चेहरा टिपायचा मोह होतो, आवरा. मला तिच्या पाठीमागून, तिच्या खांद्याच्या उंचीवरून घेतलेली फ्रेम सगळ्यात खरी वाटते.

आता तीच जागा पुढच्या वर्षी पुन्हा कशी सापडणार? जीपीएस चार-पाच मीटर इकडंतिकडं सांगतं, तेवढ्यानं फ्रेम बिघडते. मार्क क्लेट या अमेरिकन छायाचित्रकारानं १९७७ पासून साथीदारांबरोबर एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षण-फोटोंच्या जागा शोधून तिथूनच पुन्हा फोटो काढले. युक्ती आपल्यालाही जमण्यासारखी आहे. जुन्या प्रिंटमध्ये एक जवळची आणि एक लांबची खूण धरा. माझ्याकडं जवळचा एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, आणि त्यामागं शिखराची कड आहे. दोन्हींतलं अंतर प्रिंटपेक्षा जास्त-कमी दिसलं, तर डावी-उजवीकडं सरका. जवळची खूण लांबच्या खुणेच्या मानानं मोठी दिसली, तर मागं या. झूम मात्र फिरवायची नाही. लेन्स तीच, ट्रायपॉडची उंची तीच. वहीत तारीख, वेळ, लेन्स आणि त्या दिवसाचा धरणाचा आकडा लिहा. हा आकडा लिहायला मी पहिल्या वर्षी विसरलो होतो, नंतर शोधत बसावं लागलं.

वेळ सकाळची, साडेसहा ते नऊ. दहानंतर तापलेली हवा थरथरते, लांबच्या लेन्सनं काढलेलं काहीच धारदार येत नाही. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे निम्मे फोटो त्यामुळंच पुसट होतात आणि लोक लेन्सला शिव्या घालतात. रोहित बघायला उजनीच्या काठावरच्या कुंभारगावला होडीतून जाणार असाल, तर थवा उडवायला नावाड्याला सांगू नका. पक्षी चरत असतात, त्यांना चरू द्या. आणि रोहितांच्या नादात गाळपेर विसरू नका. पाणी मागं सरकलं की लोक त्याच ओल्या गाळात पेरणी करतात. बुडालेल्या गावाच्या डोक्यावर हिरवा पट्टा उभा राहतो, फुटलेल्या भांड्याचं खापर पायाशी लोळत असतं. एका फ्रेममध्ये दोन्ही बसतात, फक्त गुडघ्यावर बसायची तयारी हवी.

गाळ फसवा असतो. वरची पापडी वाळलेली आणि खाली लोणी. काठीनं ठोकत चाला. धूळ पिठासारखी बारीक असते, तिथं लेन्स बदलायची नाही. मी बदलली, सेन्सर साफ करायला पुण्याला चकरा मारल्या.

ड्रोन? वापरा, पण शेवटी. वरून गावाचा नकाशा दिसतो, पण आत्यानं तिचं गाव वरून कधी बघितलंच नव्हतं.

घरी आल्यावर तीनशेतले चार निवडा. शिखराचा एकच. कॅप्शन तुम्ही रचू नका, रेकॉर्डिंगमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, "न्हवतो"ला "नव्हतो" करू नका. आणि प्रिंट काढून त्या माणसाच्या हातात द्या. स्क्रीनवर आत्या नुसती मान डोलावते, कागद मिळाला की बोटानं दाखवायला लागते. गाळाच्या त्या फोटोवर तिनं बॉलपेननं चौकोन काढला, आत एक गोल काढला आणि खाली लिहिलं "चूल". दुसऱ्या प्रिंटवर तिला आडाची जागा दाखवायची होती, पण शाई धरेना. प्रिंट मॅट कागदावरच काढा, ग्लॉसीवर बॉलपेन घसरतं.