जत्रेहून रात्री पायी घरी कसं यावं: फुरसं, बिबट्या, चकवा आणि हडळ यांच्यापासून बचाव

कोकणातल्या जत्रेहून रात्री परतताना वाटेत भेटू शकणाऱ्या मंडळींची यादी लांबलचक आहे. भुतांपैकी देवचार, वाट चुकवणारा चकवा, मुंजा, समंध, हडळ, पाण्यात गिऱ्हा. शिवाय बिबट्या, गवा, रानडुक्कर, फुरसं हा छोटा विषारी साप आणि प्रत्येक वाडीच्या तोंडाशी बसलेली कुत्री. यातल्या बहुतेकांना चार पाय आहेत, हडळीला उलटे आहेत आणि फुरशाला मुळीच नाहीत. तयारी मात्र सगळ्यांसाठी एकच करायची असते, आणि ती भीतीच्या क्रमाने नाही, धोक्याच्या क्रमाने.

चूक नेमकी इथेच होते. माणूस खिशात अंगारा ठेवतो आणि पायात स्लिपर घालतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली असा अंदाज आहे. हडळीच्या खात्यावर अजून एकही नोंद नाही. तिला बघून पळताना गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, खाली पडलेले वेगळे. ते हाडांच्या डॉक्टरांच्या खात्यात जातात. म्हणून क्रम असा: आधी फुरसं, मग कुत्री, मग गवा आणि बिबट्या, आणि बाकीचे वेळ उरला तर.

निघण्याआधी

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे निघूच नका. दशावताराचा खेळ रात्रभर चालतो आणि पहाटे दहीकाल्याला संपतो. हा खेळ ज्यांनी बसवला त्यांना परतीच्या वाटेची पूर्ण कल्पना असावी. मध्येच, दोन वाजता, ‘आता राक्षस मेला, चला’ म्हणून उठणारेच चकव्याच्या तावडीत सापडतात. हंडी फुटेपर्यंत थांबलात, तर पुढचं निम्मं वाचायची गरज नाही.

थांबता येत नसेल, तर चपला काढून ठेवल्या होत्या तिथे जा, त्या उलट्या करून आपटा आणि मगच पाय घाला. आत विंचू असू शकतो. लाल विंचवाचा दंश पूर्वी कोकणात जीव घ्यायचा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केल्यावर मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आलं. औषध आहे म्हणून पाय न बघता घालावा असं मात्र नाही.

सोबत काय घ्यावं

बॅटरी दोन. एक पुढच्याकडे, एक मागच्याकडे. मोबाइलचा उजेड आणीबाणीपुरता ठीक; तो जवळचं सगळं पांढरंफटक दाखवतो आणि लांबचं काहीच नाही, शिवाय रात्रभर जत्रेचे व्हिडिओ काढून त्याची बॅटरी आठ टक्क्यांवर आलेली असते.

पायांत घोटा झाकणारे बूट. ते नसतील तर निदान बंद चप्पल आणि पायघोळ पॅन्ट. फुरसं एक-दीड फुटाचं जनावर, डसतं ते बहुधा पाऊल आणि घोटा इथेच.

काठी चिव्याच्या बांबूची, छातीपर्यंत उंच, खालच्या टोकाला जाड. वर चार-पाच घुंगरं बांधलीत तर उत्तम. पूर्वीचे डाक वाहणारे हरकारे घुंगरं लावलेली काठी किंवा भाला घेऊन रानातून धावायचे, त्याचं कारण हेच: जनावराला आधी कळलं की ते स्वतःहून बाजूला होतं. सापाला घुंगरू फारसं ऐकू येत नाही, पण जमिनीची थरथर कळते. तेव्हा काठी नुसती मिरवू नका, दर दोन पावलांनी टेकवा.

मासळी किंवा मटण नेत असाल तर त्यात कोळसा टाकायची रीत आहे. टाका, बिघडत नाही. फक्त डब्याचं झाकण घट्ट असू द्या. वासाने भूत येतं की नाही यावर वाद आहे. कुत्री येतात यावर नाही. जत्रेतलं खाजं मात्र निर्धास्त न्यावं, त्याच्या मागे लागणारी एकच जात आहे आणि ती घरी वाट बघत असते.

रांग कशी लावावी

पुढे बॅटरी आणि काठीवाला, मध्ये मुलं, मागे दुसरी बॅटरी. शेवटच्या जागेवर कुणी उभं राहायला तयार नसतं, त्यामुळे सगळे पुढे घुसतात आणि रांगेचा घोळका होतो. मग वाट कुणालाच दिसत नाही. यावर तोडगा म्हणजे भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला शेवटी ठेवणं. तो आपोआप गप्प होतो.

सुंदरबनात १९८६ साली एक प्रयोग झाला होता. वाघ पाठीमागून येतो, म्हणून लाकूडतोड्यांना आणि मध गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा लावायला दिला. सुरुवातीला तो चांगला उपयोगी पडला. आपल्याकडे तो करू नये. रांगेतल्या दुसऱ्या माणसाला अंधारात पुढच्याचं तोंड आपल्याकडे आहे आणि पाय पलीकडे आहेत असं दिसलं, तर हडळीची वेगळी गरज उरत नाही.

बोलत चला. रामरक्षा येत असेल तर मोठ्याने म्हणा. अडतीस श्लोकांना सात-आठ मिनिटं लागतात, म्हणजे एका आवर्तनात साधारण अर्धा किलोमीटर कटतो. न येणाऱ्याने नळाच्या बिलावर बोललं तरी चालेल. बिबट्याला माणसांचा आवाज पुरतो, मजकुराशी त्याला कर्तव्य नाही. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेल्या स्तोत्राचा परिणाम फक्त पुटपुटणाऱ्यावर होतो.

दिसलं-ऐकलं ते कोण?

बॅटरी कमरेशी धरू नका, कानशिलाला लावून धरा. रात्री हिंडणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो. उजेड जिथून आला तिथेच परत जातो, म्हणून बॅटरी तुमच्या डोळ्यांजवळ असली तरच ते चमकताना दिसतात. जमिनीवर बारीक चमकणारे ठिपके म्हणजे कोळी. गुडघ्याच्या वर, स्थिर, पाच-सहा जोड्या म्हणजे बहुधा कुणाची तरी न बांधलेली गुरं. एकच जोडी, हळूहळू सरकणारी आणि मध्येच विझणारी दिसली, तर थांबा.

आवाजांत जास्त फसगत होते. बाई किंचाळल्यासारखा, घोगरा, ओढलेला आवाज डोक्यावरून गेला तर तो गव्हाणी घुबडाचा. तान्हं मूल रडल्यासारखा आवाज बहुतेक वेळा मांजरांच्या माजाचा. दरीतून थांबून थांबून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येत असेल आणि तिथे वस्ती नसेल, तर ते भेकर, म्हणजे लहान हरीण आहे, आणि त्याला काहीतरी दिसलंय; तिकडे जाऊ नका. लाकडावर करवत चालल्यासारखा खरखराट, पुढे-मागे, पुढे-मागे, हा बिबट्याचा. रात्री दोन वाजता कुणी लाकूड कापत नाही.

पांढरी, उभी, हलणारी आकृती: आधी जवळ केळ आहे का आणि दांडीवर वाळत घातलेलं काही आहे का ते बघा. पिंपळाखाली छाती जड होते तेव्हा ‘झाड रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतं’ हे शास्त्रीय उत्तर लोक तयारच ठेवतात. ते मुंज्याइतकंच पोकळ आहे. मोकळ्यावर तो वायू पसरून जातो; छाती जड होते ती चढण आणि भीती यांनी.

समोरासमोर आलात तर

इथे सगळ्यात मोठा घोटाळा होतो, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला आमंत्रण ठरतो.

कुत्री अंगावर आली तर दगड उचलल्यासारखं वाका. हातात दगड नसला तरी बहुतेक कुत्री मागे सरतात. बिबट्यासमोर हेच केलंत तर चूक. उभा माणूस त्याच्या रोजच्या शिकारीत बसत नाही. वाकलेला किंवा उकिडवा माणूस शेळी-कुत्र्याच्या मापाचा दिसतो. म्हणून नियम लक्षात ठेवा: भुंकत असेल तर वाका, गप्प असेल तर ताठ राहा. बिबट्या दिसल्यावर एकत्र या, लहान मुलाला उचलून घ्या (उचलायलाही वाकावं लागतं, तेव्हा हे आधीच करून ठेवलेलं बरं), हात वर करा, मोठ्याने बोला आणि पाठ न फिरवता हळूहळू मागे या. पळू नका. झाडावर चढणं तर विसराच, तो त्याचाच जिना आहे. बांधाशी उकिडवं बसून विडी पेटवणं, तंबाखू मळणं आणि ‘जरा जाऊन येतो’ ही तिन्ही कामं घरी पोचल्यावर.

गव्याला आरडाओरडा करू नका. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. तो आडवा उभा राहून तुम्हाला आपली पूर्ण कूस दाखवत असेल, तर तो निवांत नाही, ताकद दाखवतोय. उजेड त्याच्या डोळ्यांवर न मारता खाली करा, त्याला जायला वाट सोडा, दहा मिनिटं थांबा. पुण्यात कोथरूडला डिसेंबर २०२० मध्ये आलेला गवा गर्दीच्या पळापळीतच जिवाला मुकला. घेरलेलं जनावर काय करेल आणि त्याचं काय होईल, दोन्हीचा भरवसा नसतो. व्हिडिओ काढायला पुढे जाऊ नका. वनविभागाला १९२६ वर फोन करा.

हडळीला वाट विचारू नये, एवढंच.

चकवा लागला तर

तोच आंबा तिसऱ्यांदा दिसला की चकवा लागला असं समजा. यात लाजण्यासारखं काही नाही. सूर्य किंवा चंद्र दिसत नसेल तर माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो, हे २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालवून दाखवलं. डोळे बांधल्यावर काही जण तर वीसेक मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरले. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, अमावस्येच्या रात्री तुमचीही तीच गत होते, देवचाराने बोट धरलं नाही तरी.

जुनी माणसं सांगतात: चप्पल उलटी घाल, बस, तंबाखू खा, उजाडेपर्यंत हलू नको. यातलं ‘हलू नको’ हे सोनं आहे. चप्पल उलटी घालण्याने निदान चालणं थांबतं. प्रश्न ‘बस’चा आहे: चकवा म्हणतो बस, बिबट्या म्हणतो बस, आणि दोघांचे हेतू वेगळे. गडग्यावर बसावं म्हटलं तर जांभ्याच्या फटींत फुरशाचं घर. तेव्हा सड्याच्या मोकळ्या, गवत नसलेल्या जागी सगळे जण पाठीला पाठ लावून उभे राहा, बॅटरी मध्ये-मध्ये फिरवा आणि ऐका. कोंबडा, लाउडस्पीकर, एसटी, समुद्राची गाज यांतलं एक तरी ऐकू येतंच. त्यावरून दिशा ठरली तर त्या दिशेचं एक लांबचं झाड पकडा, तिथपर्यंत जा, मग पुढचं झाड. नाही ठरली तर उजाडू द्या.

खाडी ओलांडताना

गिऱ्हा पाण्यात ओढतो म्हणतात. त्याचं वेळापत्रक पंचांगात मिळतं. तिथीला पाऊणने गुणलं की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने येते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेहून मध्यरात्री निघणारा बरोबर भरल्या पाण्यात उतरतो आणि दहीकाला घेऊन निघणाऱ्याला घोटाभर पाणी मिळतं. हिशोबात अर्धा-एक तास इकडेतिकडे धरा. ओहोटीतही ओळखीचा उतार सोडून खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या, चिखलात शिरू नका, तिथे पाय खरंच कुणीतरी धरल्यासारखा अडकतो. साकव, म्हणजे छोटा पूल, असेल तर मैलभर वळसा पडला तरी साकवावरून या.

चावलंच तर

जखम कापू नका, चोखू नका, वर करकचून बांधू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, कारण सूज येते. पायाला सरळ काठी हलक्या पट्टीने बांधून तो हलणार नाही असं करा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष एकच आहे. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं आणि ते तासाभराने, कधी त्याहून उशिरा कळतं. ‘काही होत नाही, घरी चला’ असं म्हणणारा इथे हडळीपेक्षा घातक. दवाखान्यात थोडं रक्त स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून बघतात. गोठलं नाही तर उपचार सुरू होतात.

आणि मांत्रिक नको. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवायला मारहाण करणं जसं गुन्हा आहे, तसंच साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं हाही गुन्हा आहे. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लस त्याच दिवशी.

घरी पोचल्यावर

दारात एकदाच हाक मारून चिडू नका. भूत तीनदा हाक मारत नाही असा समज असल्याने आतला माणूस तिसरी हाक येईपर्यंत ओ देत नाही. तीन हाका, पूर्ण नावानिशी, थोडं थांबून थांबून. ओटीवर उभे असाल तोवर बॅटरी खाली जमिनीवर धरा. उजेडाला किडे येतात, किड्यांना बेडूक, बेडकांना साप. दार उघडणाऱ्याने तोंडाआधी तुमच्या पायांकडे बघितलं तर वाईट वाटून घेऊ नका. टाचा कुठल्या बाजूला आहेत, तेवढंच तो बघतोय.