प्रिस्क्रिप्शनची औषधं परदेशी पाठवताय? या चुका टाळा

परदेशातून ऑर्डर आली, चिठ्ठी जोडलेली आहे, पैसेही जमा झाले, मग पार्सल पाठवायला हरकत काय? बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. अशा ऑर्डरमध्ये चार वेगळे प्रश्न असतात. आपल्या फार्मसीच्या परवान्यात दूरविक्री, म्हणजे ऑनलाइन किंवा टपालानं विक्री, बसते का? ही चिठ्ठी आपल्याकडे चालते का? औषध जिथे जाणार त्या देशात ते कोणत्या वर्गात मोडतं? आणि तिथे ते टपालानं आत येऊ देतात का? एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून बाकीचे तीन सुटत नाहीत.

चिठ्ठी चालते म्हणजे टपालही चालतं, असं धरणं

ही चूक युरोपीय संघात सर्वाधिक दिसते. एका सदस्य देशातली चिठ्ठी दुसऱ्या सदस्य देशात मान्य करावी, असा संघाचा २०११ चा निर्देश (सदस्य देशांना बंधनकारक नियम) आहे. पण त्याचा अर्थ रुग्णानं तिथल्या दुकानात जाऊन औषध घ्यावं एवढाच. टपालविक्रीची परवानगी प्रत्येक देश स्वतः ठरवतो. प्रिस्क्रिप्शनच्या औषधांची टपालविक्री देश रोखू शकतो, विनाचिठ्ठीच्या औषधांची सरसकट रोखू शकत नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयानं डॉकमॉरिस या नेदरलँड्समधल्या ऑनलाइन फार्मसीच्या खटल्यात डिसेंबर २००३ मध्ये दिला. म्हणून नेदरलँड्समधली फार्मसी जर्मनीत अशी औषधं पाठवते, पण फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या ग्राहकाला पाठवू शकत नाही. तिथे ऑनलाइन फक्त विनाचिठ्ठीची औषधं विकता येतात.

अर्धवट चिठ्ठीवर औषध देणं

सीमेपलीकडे चालणाऱ्या चिठ्ठीत काय हवं, हे २०१२ च्या निर्देशात ठरवून दिलं आहे: रुग्णाचं पूर्ण नाव व जन्मतारीख, चिठ्ठीची तारीख, डॉक्टरचं नाव, पात्रता, संपर्क, पत्ता आणि सही, औषधाचं जेनेरिक नाव (म्हणजे ब्रँड नव्हे, मूळ औषधाचं नाव), स्वरूप, प्रमाण, संख्या आणि घेण्याची पद्धत. नेहमी चुकतं ते जेनेरिक नाव. ब्रँड दुसऱ्या देशात वेगळ्या नावानं विकला जातो, कधी तेच नाव भलत्याच औषधाचं असतं. ब्रँड लिहायची मुभा जैविक (सजीव पेशींपासून बनवलेल्या) औषधांसाठी आहे, किंवा डॉक्टरनं कारण थोडक्यात लिहिलं असेल तर. शंका आली तर डॉक्टरच्या दवाखान्यात फोन करा, आणि तोही चिठ्ठीवर छापलेल्या नव्हे, तर तिथल्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या अधिकृत यादीत सापडलेल्या नंबरवर.

रुग्णाला न पाहता दुसऱ्या डॉक्टरची सही घेणं

कॅनडातल्या फार्मसीला अमेरिकन डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. त्यावर पळवाट म्हणून कॅनडात परवाना असलेल्या डॉक्टरची सही घेतली जाते. रुग्ण न तपासता केलेली सही वैद्यकीय नियामक खपवून घेत नाहीत. शिवाय देशात तुटवडा पडेल अशी औषधं बाहेर पाठवण्यावर कॅनडानं नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी घातली. २०२३ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं ओझेम्पिक या मधुमेहावरच्या औषधाची परदेशी ग्राहकांना होणारी टपालविक्री रोखली.

‘तीन महिन्यांचा साठा चालतो’ यावर विसंबणं

अमेरिकेबद्दल हे वाक्य सर्रास ऐकू येतं. परदेशातून प्रिस्क्रिप्शनचं औषध मागवणं तिथे एरवी बेकायदाच आहे. एफडीए, म्हणजे तिथली औषध नियामक संस्था, काही प्रकरणांत सवलत देते. आजार गंभीर हवा, देशात परिणामकारक उपचार उपलब्ध नसावा, औषधाची जाहिरात किंवा व्यापार होत नसावा, धोका अवाजवी नसावा, आणि साठा साधारण तीन महिन्यांचाच असावा. हा फक्त विवेकाधिकार आहे, हक्क नाही. स्वस्त पडतं हे कारण त्यात बसत नाही.

घरचा वर्ग परक्या देशाला लावणं

झोपेसाठी घेतलं जाणारं मेलाटोनिन अमेरिकेत पूरक आहार म्हणून मिळतं, ब्रिटनमध्ये त्याला चिठ्ठी लागते. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथिलफेनिडेट अशा नशेसाठी गैरवापर होऊ शकणाऱ्या नियंत्रित औषधांची तर गोष्टच वेगळी. १९६१ आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारांनुसार अशा मालाच्या प्रत्येक खेपेला निर्यात आणि आयात अशी दोन्ही परवानगी लागते. युरोपातली चिठ्ठीची परस्पर मान्यता अशा, म्हणजे विशेष प्रकारच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधांना लागू नाही. अशी ऑर्डर नाकारा. ‘फक्त दहा गोळ्या’ हा बचाव टिकत नाही.

ग्राहकानं लोगो पाहून निश्चिंत होणं

हिरव्या पट्ट्यांवर पांढरा क्रॉस आणि देशाचा झेंडा, हा अधिकृत ऑनलाइन औषधविक्रेत्यांचा युरोपीय लोगो १ जुलै २०१५ पासून सक्तीचा आहे. चित्र कुणीही चिकटवू शकतं. लोगोवर क्लिक केल्यावर सरकारी यादी उघडली पाहिजे आणि तिथला संकेतस्थळाचा पत्ता आपण उघडलेल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

पार्सल कस्टम्समध्ये अडकलं तर

आधी नोटीस वाचा. कागद कमी आहेत की माल निषिद्ध आहे, हे त्यातून कळतं. कागद कमी असतील तर चिठ्ठी, डॉक्टरचं पत्र आणि बिल मुदतीत पाठवा. माल निषिद्ध असेल तर भांडण्यात अर्थ नाही. नोटिशीत दिलेला पर्याय निवडा, नाहीतर माल नष्ट होतो. ‘भेटवस्तू’ लिहून किंवा माल लहान पाकिटांत वाटून पुन्हा पाठवलं, की कागदांची त्रुटी थेट खोट्या घोषणेचा गुन्हा होते. इन्सुलिनसारखं २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध आठवडाभर गोदामात पडून राहिलं असेल, तर सुटून आलं तरी रुग्णाला देऊ नका. तोवर रुग्णाचा डोस चुकू नये म्हणून त्याच्या स्थानिक डॉक्टरकडून तेच जेनेरिक जवळच्या दुकानातून मिळवायला सांगा.