मुखपृष्ठ छान आहे, पण आत काय आहे ते कळतंय का?

स्वतःच्या खर्चाने कादंबरी काढणाऱ्याच्या पाठीशी प्रकाशनसंस्थेचं नाव नसतं. वाचक लेखकाला ओळखत नाही, त्यामुळे मुखपृष्ठ आणि नाव एवढ्यावरूनच तो मनाशी काहीतरी धरून बसतो. भीती वाटेल, रडू येईल, शेवटी खुनी सापडेल, असं काहीही. ते मिळालं नाही की 'रटाळ' असा शेरा मारून तो मोकळा होतो. पुस्तक रटाळ नसेलही. त्याला खून हवा होता आणि हाती आली भाऊबंदकी, इतकंच.

बहुतेक जण सुरुवात चित्रापासून करतात, कारण घरातल्या कुणाला तरी फोटोशॉप येत असतं. चित्र तिसरं. पहिलं काम वेगळंच आहे.

आधी गोष्ट कुठल्या जातीची ते ठरवा

एक उदाहरण घेऊ. परळच्या चाळीचा पुनर्विकास व्हायचाय. खोली दोन भावांच्या नावावर, धाकटा सही द्यायला तयार नाही, आणि ऐन वादात थोरल्याची बायको एका रात्री निघून जाते. ही रहस्यकथा की कौटुंबिक कादंबरी?

पानं मोजा. वहिनी कुठे गेली याचा शोध निम्म्याहून जास्त पानं व्यापत असेल, तर रहस्यकथा. ती जाण्याआधीची वीस वर्षं आणि गेल्यानंतरची घुसमट जास्त असेल, तर कौटुंबिक. 'दोन्हीही आहे' हे उत्तर लेखकाला फार आवडतं, पण मुखपृष्ठाला ते पेलत नाही. एक निवडा आणि ते एका वाक्यात लिहून ठेवा. चित्रकाराला अख्खं हस्तलिखित देऊ नका, हे वाक्य आणि त्यासोबत दोन प्रकरणं द्या.

मग नाव

या गोष्टीला 'विळखा' म्हटलं तर वाचक थरार शोधणार. 'खोली नंबर 17' म्हटलं तर दाराआड काहीतरी भयंकर आहे असं धरून चालणार, कदाचित भूतसुद्धा. 'एक सही राहिली' म्हटलं की चाळ, कागदपत्रं, नात्यातली कुरबुर आणि थोडा तिरकस विनोद अपेक्षिला जाईल. गोष्ट तीच, वाचक तीन वेगळे.

'वेदना', 'अस्तित्व', 'स्पंदन' अशी एकशब्दी भारदस्त नावं मी तरी टाळेन. ती कुठल्याही पुस्तकाला चालतात, म्हणून कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत. शिवाय शोधायला गेलं की त्याच नावाची आणखी चार पुस्तकं निघतात. कायद्याने त्यात अडचण सहसा येत नाही. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट सांगता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली एका हिंदी चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात म्हटलं आहे. पण वाचकाचा गोंधळ व्हायचा तो होतोच. नाव पक्कं करण्याआधी ते देवनागरीत शोधा आणि रोमन लिपीतही शोधा, कारण मोबाइलवर मराठी नावं रोमनमध्ये टाइप करणारे खूप आहेत. ऱ्हस्व-दीर्घाला हमखास चुकेल असा शब्द असेल तर पुन्हा विचार करा.

नावाखाली 'रहस्यकादंबरी' किंवा 'कथासंग्रह' असं छापायला संकोचू नका. कादंबरी समजून कथासंग्रह घेतलेला वाचक दुसऱ्या कथेपाशीच वैतागतो.

चित्र

मराठी वाचकाची नजर तयार करण्यात चित्रकारांचा मोठा वाटा आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं पाहत पिढ्या वाढल्या. त्यामुळे काही खुणा आता ठरून गेल्यात. भगवा आणि बुरूज दिसला की इतिहास, काळ्यावर लाल अक्षर म्हणजे खून, खिडकीशी पाठमोरी बाई म्हणजे सोसणं. खुणा मोडू नयेत असं नाही. पण चाळीच्या गोष्टीवर काळोखा जिना आणि लाल अक्षरं टाकलीत, तर 'खून कुठाय?' असं विचारायचा वाचकाला पूर्ण हक्क आहे.

मुंबईची गोष्ट म्हटलं की गेटवे, लोकल आणि मरिन ड्राइव्हचा सूर्यास्त आपोआप सुचतात. सोडून द्या. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या दोन घरच्या चादरी आणि मधे रिकामी दोरी, एवढ्याने भाऊबंदकी जास्त नेमकी कळते.

गुगलवरून उचललेला फोटो वापरू नका, हक्कांचं लचांड मागे लागतं. एआयने काढलेलं चित्र वापरलंत तर पुस्तक चढवताना अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वतःचं पुस्तक स्वतः काढायच्या सेवेवर तसं नमूद करावं लागतं. अशा चित्रांतली देवनागरी अनेकदा मोडकी असते, म्हणून त्यात अक्षरं काढून घेऊच नका.

अक्षर

इथे खरी गंमत आहे आणि इथेच सर्वात जास्त हलगर्जी होते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं आठवा. नुसत्या अक्षरावरून नाटकाचा स्वभाव कळायचा, चित्राची गरजच नसायची. सुलेखनकार परवडत असेल तर खर्च इथे करा आणि चित्र साधं ठेवा. नसेल तर मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत मिळतात, खुल्या परवान्याचे आहेत. बालू मात्र गुबगुबीत आहे. त्यात 'खून' लिहिलं तरी बालकथा वाटेल.

मग अक्षरं बारकाईने तपासा. पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला सरकली का, रफार वरच्या ओळीत घुसला का, उकार कापला गेला का, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतंय का. ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हेही पाहा. नावातच असं काही चुकलेलं दिसलं की आत प्रूफ कुणी वाचलेलं नाही, असं वाचक गृहीत धरतो.

अनोळखी माणसांना दाखवा

'कसं वाटलं?' हा प्रश्न वाया जातो, कारण ओळखीचे सगळे छानच म्हणणार. पुस्तक न वाचलेल्यांना मुखपृष्ठ दाखवून विचारा, यात काय घडत असेल आणि हे तुम्ही कुणाला भेट द्याल? उत्तरं तुमच्या त्या एका वाक्याच्या जवळपास आली पाहिजेत. सर्वात चोख परीक्षक म्हणजे वाचनालयात पुस्तकं देणारी माणसं. कुठलं पुस्तक कपाटातून हलतच नाही ते त्यांना पाठ असतं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून आहे, आणि उपनगरांतही अशी वाचनालयं सापडतील. तिथे एक गोष्ट लक्षात येईल. पुन्हा बांधणी झाली की मुखपृष्ठ बरेचदा जातं आणि कण्यावर उरतं फक्त नाव.

मोबाइलवर तेच चित्र नखाएवढं करूनही पाहा. नाव वाचता येत नसेल तर अक्षर मोठं करा आणि लेखकाचा फोटो मागे न्या.

छपाईचं थोडक्यात

किंडलसाठी मुखपृष्ठ 2560 पिक्सेल उंच आणि 1600 रुंद चांगलं. छापील प्रतीसाठी 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके) घ्या. कण्याची जाडी कागदावर ठरते, म्हणून ती अंदाजाने न धरता मुद्रकाकडून घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. पुढे वाचकांचे शेरे 'वेगळंच निघालं' असे यायला लागले, तर फक्त मुखपृष्ठ बदलायला नवा क्रमांक लागत नाही. नाव बदललंत तर लागतो.