जुन्या पद्मिनीत पाणी येतंय? गळती शोधायची कशी आणि बंद करायची कशी

पावसाळ्यात प्रीमियर पद्मिनी गाडीच्या मॅटखाली पाणी दिसलं की बहुतेक जण आधी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणतात आणि पुढच्या काचेच्या रबरावरून भरभरून फिरवतात. हे कृपा करून करू नका. एक तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणाऱ्या त्या सिलिकॉनमधून सुकताना आम्ल सुटतं आणि ते पत्र्याला गंज धरायला मदतच करतं, दुसरं म्हणजे त्याच्यावर पुढे रंग धरत नाही, आणि मुख्य म्हणजे बऱ्याचदा पाणी तिथून येतच नसतं. पाणी साचतं एकीकडे, शिरतं भलतीकडेच, मधे पत्र्याच्या घडीतून, वायरिंगच्या वेटोळ्यावरून नाहीतर रेक्झिनच्या मागून दोन-तीन फूट प्रवास करून येतं. म्हणून आधी शोध पूर्ण करायचा, सीलंटला हात नंतर.

मी इथे पद्मिनी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय कारण आपल्याकडे जपलेल्या जुन्या गाड्यांमध्ये ती घरोघरची गाडी. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० म्हणून आणि सत्तरच्या दशकापासून पद्मिनी नावाने बनली, म्हणजे अगदी शेवटच्या लॉटमधली गाडी घेतली तरी तिच्या मूळ रबरांनी वीस-पंचवीस पावसाळे काढलेत. अँबॅसेडरवाल्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडेल. दोन्ही गाड्यांना वेगळी चेसी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, फ्लोअरचा पत्रा हाच गाडीच्या ताकदीचा भाग, त्यामुळे फ्लोअर कुजणं हा दिसण्याचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आहे. म्हणूनच ही गळती "चालतंय की" म्हणून सोडून देऊ नका.

पाणी कसलं आहे ते आधी बघा

बोट बुडवून चोळून बघा, वास घ्या. स्वच्छ किंवा मातकट असेल तर पावसाचं. चिकट, गोडसर वासाचं, हिरवट असेल तर हीटर लावलेल्या गाडीत हीटरच्या कोरमधून (आतल्या छोट्या रेडिएटरमधून) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, येतंय. पेडलच्या आसपास तेलकट ओल आणि तिथला रंग फुगून सुटलेला दिसला तर ब्रेक ऑइलची शंका घ्या, मग गाडी आधी मेकॅनिककडे, बाकी सगळं नंतर, आणि ते होईपर्यंत चालवायची नाही. बाहेरून एसी बसवून घेतलेली गाडी असेल आणि कोरड्या दिवसातही पुढची डावी बाजू ओली होत असेल तर कूलिंग कॉइलची पाणी जायची नळी तुंबलेली असते बहुतेक, ती काढून फुंकली की प्रश्न मिटला.

आतलं सगळं बाहेर काढा

रबरी मॅट, कार्पेट, त्याखालचं फेल्ट (जाड नमद्याचा थर) सगळं काढायचं, जमलं तर पुढच्या सीट्ससुद्धा. वरून मॅट कोरडी दिसते आणि खालचं फेल्ट मात्र गच्च भिजलेलं असतं, ते आठ-आठ दिवस पाणी धरून ठेवतं आणि पत्र्याला सतत चिकटून असतं, खरा गंज तिथे लागतो. फेल्ट दोरीवर उन्हात टाका, कुबट वास जात नसेल किंवा हाताने तुकडे पडत असतील तर नवीनच घ्या. फ्लोअर फडक्याने पुसून, पंखा लावून खडखडीत कोरडा करा, कारण ओल्या पत्र्यावर नवीन ओल ओळखताच येत नाही. डॅशबोर्डखाली हात घालायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, जुन्या वायरिंगचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं असतं.

दरवाज्यांची भोकं

ही पायरी शोधाच्या आधी घेतोय ती मुद्दाम. जुन्या गाडीच्या दरवाज्यात पाणी शिरणं हे धरूनच डिझाईन केलेलं असतं. काच खाली-वर होते, तिच्या बाहेरच्या रबरापाशी थोडी फट असणारच, तिथून पाणी दरवाज्याच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. ती भोकं तुंबली की पाणी आत साठतं आणि पॅडखालून, म्हणजे दरवाज्याला आतून लावलेल्या हार्डबोर्डच्या आवरणाखालून, फ्लोअरवर येतं. काचेपाशी गळती नसते, रबर चांगलं असतं, आणि माणूस महिनाभर वर शोधत बसतो.

दरवाजा उघडा, खाली वाकून तळाची कड बघा, छोट्या लांबट फटी किंवा भोकं दिसतील, आणि मागे कधी डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर ती पुट्टीने किंवा अंडरकोटने (गाडीच्या खालच्या पत्र्यावर मारतात तो जाड लेप) बुजलेलीही असू शकतात. मऊ तार नाहीतर जाड केबलटाय घालून हळूहळू फिरवा. आधी काळा चिखल येतो, त्यात पिंपळाच्या पानाच्या शिरा, फेल्टचे धागे, गंजाची खपली, आणि मग अचानक मागे अडकलेलं पाणी धार लावून सुटतं. टोकदार स्क्रू ड्रायव्हर घालू नका, रंग खरवडला की तिथूनच कुजायला सुरुवात. भोकं मोकळी झाली की वरून काचेपाशी मगभर पाणी ओता, खाली सगळ्या भोकांतून ते आलं पाहिजे.

आता पॅड काढा. काच फिरवायचं हँडल पिनवर किंवा क्लिपवर असतं, ते सोडवून पॅडच्या क्लिपा एकेक करत रुंद पातळ पट्टीने उचकटा, जोर लावला तर हार्डबोर्ड फाटतो. पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद असायला हवा, पॅडवर पाणी येऊ नये एवढंच त्याचं काम. निम्म्या गाड्यांत तो कुठल्यातरी दुरुस्तीच्या वेळी फाडून फेकलेला असतो. जाड प्लास्टिक शीट आणा, पॅडच्या मापाने कापा, कडेने ब्युटाइल टेप (मऊ राहणारी चिकट रबरी पट्टी) लावून चिकटवा, आणि शीटची खालची कड दरवाज्याच्या पोकळीच्या आत गेली पाहिजे, पॅडच्या बाजूला बाहेर लोंबता कामा नये. एवढ्याने, नवीन रबर न घेता, बऱ्याच गाड्यांची गळती थांबते. खर्चही फारसा नाही.

पाणी मारून शोध

यासाठी दोन माणसं हवीत, एक बाहेर पाईप घेऊन, एक आत टॉर्च घेऊन. पाईपचं तोंड मोकळं ठेवा, नोझल नको, वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन तर अजिबात नको, त्या जोराने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि तुम्हाला खोटी गळती दिसते. पाणीकपात असेल तर बागेतली झारी उत्तम.

सुरुवात खालून करायची. वरून पाणी सोडलं तर ते अख्ख्या गाडीवरून ओघळतं, मग आत थेंब आला तरी कुठून आला कळत नाही. म्हणून आधी दरवाज्याची खालची कड, मग काचेचा खालचा कोपरा, मग वरचा कोपरा, सगळ्यात शेवटी छप्पर. एका जागी निदान पाच मिनिटं बारीक धार ठेवा, काही गळत्या इतक्या हळू असतात की मिनिटभरात दिसतच नाहीत. आतल्याने संशयाच्या जागी आधीच टाल्कम पावडर भुरभुरवून ठेवावी. डॅशखाली फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्यावर, पावडर मारली की पाण्याची वाट त्यात काळपट रेघ ओढत उतरते, ती रेघ उलटी वर वाचत गेलात की थेट ग्रोमेटपाशी (वायर जाते त्या भोकातलं रबरी कडं) किंवा काचेच्या कोपऱ्यापाशी पोचता. फ्लोअरवर वर्तमानपत्र अंथरा, पहिला डाग कुठे पडला तिथे पेनने गोल करा.

काहीच सापडलं नाही तर आठवा, पाणी नक्की कधी येतं? उभ्या गाडीत येत नाही पण ओल्या रस्त्यावर चालवली की येतं, मग ते खालून, चाकाने उडवलेलं. चढावर लावली की येतं आणि सपाटीवर येत नाही, तर पाणी कुठेतरी साठून उलट्या दिशेने वाहतंय. गाडी नेहमी जशी लावता तशी लावूनच टेस्ट करा.

पुढची काच

रबर जुनं झालं की आकसतं आणि कोपऱ्यात पत्र्यापासून सुटतं, गळती सहसा खालच्या दोन कोपऱ्यांत असते. रबर अजून मऊ असेल, चिरा नसतील, तर बदलायची घाई करू नका. प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने रबराची ओठी हलकेच उचला, आतली माती काढा, पूर्ण वाळू द्या, मग न सुकणारा म्हणजे कायम मऊ राहणारा विंडस्क्रीन सीलंट नळीने आत सोडा, रबर आणि पत्रा यांच्यातही आणि रबर आणि काच यांच्यातही. जादा आलेलं टर्पेंटाइनने किंचित ओल्या फडक्याने पुसा, आधी लपलेल्या कोपऱ्यात रंगावर तपासून.

रबर दगडासारखं झालं असेल तर काच काढावी लागते. हे काम सवय असलेल्या काचवाल्याकडून करून घ्या, पण स्वतः उभे राहा आणि काच निघाल्यावर खाचेतला पत्रा बघितल्याशिवाय नवीन रबर बसवू देऊ नका. तिथे गंज असतोच, तो घासून, प्रायमर मारून, रंग वाळल्यावरच पुढे. बसवायची रीत अशी की रबर आधी काचेला चढवतात, बाहेरच्या खाचेत सगळीकडून नायलॉनची दोरी घालतात, साबणाचं पाणी लावतात, काच बाहेरून टेकवून आतून दोरी ओढतात आणि रबराची ओठी पत्र्यावरून आत येत जाते. बाहेरचा माणूस तळहाताने थोपटत राहतो. कोपऱ्यावर बुक्की मारली की काच गेली.

वायपर आणि फायरवॉल

वायपरच्या दांड्या पत्र्यातून जिथे बाहेर येतात तिथे छोटं रबर असतं, स्वस्त वस्तू, पण ते गेलं की पाणी सरळ डॅशबोर्डच्या मागे वायरिंगवर. दोन्ही बदलून टाका, तपासत बसू नका. फायरवॉलमधून वायरिंग, स्पीडोमीटरची केबल, स्टीअरिंगचा कॉलम असं बरंच काही जातं, प्रत्येक ठिकाणचं ग्रोमेट बघा. म्युझिक सिस्टीम किंवा हॉर्नसाठी कोणीतरी पाडलेली आणि उघडीच ठेवलेली भोकंही असतात. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून टपकून जातं, वायरवरून आत येत नाही.

दरवाज्याचं रबर, छप्पर, डिकी

दरवाज्याच्या कडेत कागदाची पट्टी धरून दरवाजा लावा आणि ओढा. अडकत अडकत आली पाहिजे, सुळकन आली तर तिथे दाब नाही. पण लगेच रबर आणायला पळू नका. दरवाजा अर्धा उघडून टोकाला धरून वर उचला, खडखड हलला तर बिजागऱ्यांच्या पिना झिजल्यात, दरवाजा खाली बसलाय, आणि आधी तेच करायला हवं. क्वार्टर ग्लासचं (खिडकीच्या कोपऱ्यातल्या छोट्या तिकोनी काचेचं) रबर मात्र जवळपास प्रत्येक गाडीत गेलेलं असतं, त्याला दुरुस्ती नाही, नवीनच घालायचं.

छपरात कापड ओलं दिसलं तर दरवाज्यांच्या वरची पन्हळ बघा. तिच्या जोडातला सीलर तडकतो, आणि जिथे कॅरिअर लावला होता तिथे क्लॅम्पने रंग खाऊन पत्रा गंजलेला असतो, टॅक्सी राहिलेल्या गाड्यांत तर हमखास. तडकलेला सीलर खरवडून काढायचा, गंज साफ करायचा, प्रायमर मारायचा, मग पॉलीयुरेथेन सीम सीलरची (पत्र्याचे जोड बुजवायच्या सीलंटची) बारीक रेघ आणि वरून रंग.

डिकीत माणूस बसवून झाकण लावू नका. मोबाईलचा लाईट चालू करून व्हिडिओ रेकॉर्डिंगवर आत ठेवा, झाकण लावा आणि बाहेरून पाणी मारा. मागच्या दिव्यांची गास्केटं आणि झाकणाचं रबर यांपैकी काहीतरी पकडलं जातंच. दिव्याचे स्क्रू जास्त आवळले तर लेन्स तडकते, सांभाळून.

फ्लोअर

गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जायचं नाही, भक्कम स्टँड लावूनच. दिवस असेल तर आतून अंधार करून बघा, उजेडाचे टिपके दिसतात तिथे भोक आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जा, टणटण आवाज आला तर ठीक, बद्द आला तर खालून कुजलाय. वरवरचा गंज असेल तर वायरब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन) लावा, झिंक प्रायमर, जोडांवर सीम सीलर, मग रंग. आरपार गेलेला पत्रा कापून नवीन तुकडा वेल्ड करण्याला पर्याय नाही. फायबर नाहीतर डांबर थापून वरून काळा अंडरकोट मारून देणारे बरेच भेटतील, त्यांना नाही म्हणा, आतला पत्रा कुजतच राहतो आणि तुम्हाला दिसत नाही.

रबरं शोधायला मुंबईत ऑपेरा हाउसचा पार्ट्सचा बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. मुंबईतून २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, आता मागणी आणखी कमी होणार, तेव्हा मिळतंय तोवर काचांच्या रबरांचा एक सेट घेऊन ठेवलेला बरा. घेताना रबर दुमडून बघा, दुमडल्या जागी पांढरट चीर आली तर ते जुना माल आहे, सोडा. आणि जुनं रबर नमुना म्हणून सोबत न्या, तोंडी मापावर घेतलेलं बसत नाही.

हे सगळं मे महिन्यात काढा, सीलंट आणि रंग वाळायला कोरडी हवा लागते. झाल्यावर परत खालून वर तशीच पाण्याची टेस्ट घ्या, आणि फेल्ट लगेच चिकटवू नका, नुसतं अंथरा. जूनचे पहिले दोन-तीन दणदणीत पाऊस होऊ द्या, दर वेळी फेल्ट उचलून हात फिरवा, कोरडं राहतंय अशी खात्री पटली की मगच मॅट बसवा.